पोलिसाला जिना चढावा लागतो

तीळ भाजायला घेतले की पहिला तीळ कधी तडतडतो, याची मी अजून कान देऊन वाट बघते. यंदाही बघत होते. तो तडतडला आणि त्याच वेळी ओट्यावरचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. मी गॅस बंद केला, हात पदराला पुसले, बाहेरच्या खोलीत जाऊन आधी घराचं जाळीचं दार सताड उघडलं आणि मग परत येऊन फोनकडे बघितलं. तोवर तो वाजायचा थांबला होता. आमचे हे पेपरमागून म्हणाले, "फोन स्वयंपाकघरात वाजतो आणि तू दार उघडतेस. एखाद दिवशी दारावरची बेल वाजली की फोन उचलशील." कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण चिडवल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि चिडवून झालं तरी उठून दार काही ते लावत नाहीत. ते मग तासभर तसंच उघडं राहतं.

संक्रांत जवळ आली की मला भीती वाटते. लिहितानाही हे विचित्र दिसतं, कारण भ्यावं असं या दिवसांत असतं काय? आमच्या नवी मुंबईत, सीवूड्सला, जानेवारीत हवा बरी असते. खाडीकडून सकाळचा गार वारा येतो, ओठ उलतात, टाचांना तेल चोळावं लागतं. पलीकडच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरलेले असतात आणि त्यांचे फोटो काढायला गळ्यात हातभर लांब कॅमेरे घातलेली माणसं येतात. बाजारात ओला हरभरा, बोरं, गाजरं, उसाची कांडकी, सुगडांच्या उतरंडी. शेजारच्या घरातून गुळाच्या पाकाचा वास येतो आणि पाक पुढे गेला की करपल्याचाही येतो. मी जन्माची भित्री भागूबाई, झुरळाला भ्यायचे, विजेला भ्यायचे, शाळेत इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांना तर निवृत्त होईपर्यंत भ्यायचे. पण संक्रांतीला कधी भ्याले नव्हते. किंक्रांतीला बाहेर पडू नये असं आई सांगायची, तेव्हासुद्धा मी मागच्या दारानं मैत्रिणीकडे पळायचे. गेल्या वर्षीच्या संक्रांतीनं मात्र माझ्यात काहीतरी बदललं, आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

आमची सोसायटी जुनी आहे. चार मजले, बत्तीस घरं, एक लिफ्ट, आणि ती बहुधा बंद. मी चारशे चारमध्ये. समोर चारशे तीनमध्ये कुमुद. बावीस वर्षांचा शेजार. आमच्या दोघींच्या घरांना बाहेरून जाळीचं दार आणि आतून लाकडी दार. जाळीचं दार लावलेलं, लाकडी दार दिवसभर उघडं, ही आमची पद्धत. मधे चार पावलांचा पॅसेज. तिनं तिकडे मेथी निवडायला घ्यावी, मी इकडे लसूण सोलावा, आणि दोन जाळ्यांमधून बोलणं चालू राहावं. तिचे यजमान वसंतराव गेले तेव्हा मला वाटलं, आता तिचं दार बंद होईल. नाही झालं. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी तिनं ते उघडलं आणि तिकडून विचारलं, "तुझ्याकडे कोथिंबीर आहे का गं?" तिची मुलगी बंगळूरला असते. म्हणजे घरात ती एकटी आणि समोर मी.

हवालदार म्हात्रे मॅडम आमच्या सोसायटीत पहिल्यांदा आल्या त्या डिसेंबरातल्या एका रविवारी. स्कूटरच्या पुढ्यात गुंडाळलेलं फ्लेक्स, खांद्याला पिशवी, पिशवीत एक रजिस्टर. मूळच्या उरणकडच्या. ऑनलाइन फसवणुकीबद्दल लोकांना जागं करा, असा वरून आदेश होता. प्रत्येक सोसायटीत कार्यक्रम, फ्लेक्ससकट फोटो आणि रजिस्टरमध्ये घरटी एक सही. त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये चार निवृत्त पुरुष आले होते, त्यातले एक आमचे हे. पाचवा वॉचमन. चौघांनीही मॅडमना बोलू न देता स्वतःच भाषणं केली, असं ह्यांनीच घरी येऊन अभिमानानं सांगितलं. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, म्हणून मॅडम चहाला वर आल्या. बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर घातली आणि म्हणाल्या, "बाई, चार पुरुष आनि एक वॉचमन. याचा फोटो मी साहेबांना कोन्या तोंडानं पाठवू? ज्यांना फोन येतो त्या बायका घरात बसल्यात, नि मी बोलतेय वॉचमनशी."

हळदीकुंकवाची कल्पना त्यांचीच. बायका भाषणाला येत नाहीत, हळदीकुंकवाला येतात. मग भाषणच हळदीकुंकवात घालू. वाण म्हणून पोलिसांचा स्टिकर द्यायचा, मदतीचा नंबर असलेला, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. नुसता स्टिकर वाण म्हणून बरा दिसत नाही, तर सोबत मंडळातर्फे चहाची एकेक गाळणी. मला कल्पना इतकी आवडली की मी लगेच यादी करायला बसले. तेहतीस वर्षं मी मराठी शाळेत हजेरी घेतली आहे. वहीत आडव्या रेघा मारून, घर नंबर, नाव, सहीची जागा, असं सुबक अक्षरात लिहीत गेले. चारशे तीनपुढे कुमुदचं नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून थोडा वेळ बसले, आणि ते नाव खोडलं.

आपल्याकडे आता असलं कोणी मानत नाही, हे मीच मंडळात चारदा सांगितलं होतं. मी मानतही नाही. मी नाव खोडलं ते वेगळ्या विचारानं. वर्ष झालं नाही अजून, इतक्या बायकांत येऊन बसायचं, कुणी कुंकवाचं बोट पुढे करून मधेच थांबेल, कुणी कपाळाकडे बघेल. बोलावलं तर तिला वाईट वाटेल. आता त्या 'वाईट वाटेल'ची मला लाज वाटते. कुणाला वाईट वाटेल, याचा विचार मी केला होता, पण तिला विचारलं नव्हतं. चार पावलांवर तर ती होती. मेथी निवडत.

शनिवारी हॉल गच्च भरला. काळ्या साड्या, अत्तराचा वास, कुणाच्या तरी नातवाच्या अंगावर हलव्याचे दागिने आणि ते चाटून पाहण्याचा त्याचा अखंड उद्योग. फ्लेक्स भिंतीला लावलं होतं आणि त्यावरच्या पोलिसाच्या चित्राच्या पायाशी समई. म्हात्रे मॅडम युनिफॉर्ममध्ये आल्या. मी हळदीकुंकू लावायला गेले, तेव्हा त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि मान पुढे केली. मी ठसठशीत बोट लावलं. तिळगूळ हातावर ठेवला. त्या तो खाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिळगूळ खाल्ला. आता गोड बोला असं मी सांगनार नाय. फोनवर अनोळखी मानसाशी गोड बोलूच नका. तो तुमच्याशी गोड बोलनारच हाय."

सगळ्या हसल्या. मग मॅडमनी पहिल्या रांगेतल्या एकीला मोबाईल हातात घ्यायला लावला आणि आवाज घोगरा करून तिच्याशी बोलायला लागल्या. तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, त्यात भलतंसलतं सापडलंय, तुम्हाला अटक होणार, कॅमेरा चालू ठेवा, घराचं दार लावून घ्या, कुणाला सांगितलंत तर तोही आरोपी. बायका आणखी हसल्या. मला हसू येईना. मॅडम नाटक करत होत्या हे डोळ्यांना दिसत होतं आणि माझे हात मात्र गार पडत होते. मी मनात म्हणाले, मला हा फोन आला तर मी दार लावून घेईन. मी नक्की लावून घेईन.

शेवटी त्यांनी दोनच गोष्टी लक्षात ठेवायला सांगितल्या. "पोलीस कोनाला फोनवर अटक करत नाय. अटक करायची तर पोलिसाला जिना चढावा लागतो. आनि कोनी सांगितलं दार लावा, तर तुमी दार उघडा. काय कळलं नाय, काय सुचलं नाय, तरी नुसतं दार उघडा." त्यानंतर ऊस-बोरं वाटली, गाळण्या वाटल्या, फोटो निघाला. वर येताना मी पाहिलं, कुमुदचं लाकडी दार उघडं होतं, आणि जाळीआड ती खुर्चीत बसली होती. माझ्या हातात उरलेल्या गाळण्यांची पिशवी होती. ती म्हणाली, "छान झालं ना? हसण्याचे आवाज वरपर्यंत येत होते." मी म्हटलं, हो, छान झालं. आणि कुलूप उघडायला जरा जास्तच घाई केली.

पुढचे तीन दिवस मी भीतीनं वेडी व्हायची बाकी होते. मॅडमचं भाषण बाकीच्यांच्या कानातून गेलं आणि माझ्या पोटात जाऊन बसलं. गॅस एजन्सीवाल्याचा फोन कापला. दोन दिवस सिलिंडर आला नाही. भाच्यानं नवीन नंबरवरून फोन केला, त्याला मी त्याच्या आजोळचं गाव विचारलं. सोमवारी सकाळी आणि पुन्हा मंगळवारी, "मी पोलीस स्टेशनमधून बोलतेय," असा बाईचा आवाज आला, तेव्हा तर दुसरं वाक्य ऐकायच्या आत मी फोन बंद करून डब्यात, तांदळात, खुपसून ठेवला. ह्यांनी भात करायला डबा उघडला आणि माझ्याकडे बघत राहिले.

सोमवारीच कुमुदचं लाकडी दार बंद दिसलं. काळजात चर्र झालं, पण भीतीनं नाही. मला वाटलं, रुसली. बरोबरच आहे तिचं. गाळणीची पिशवी तिनं पाहिली होती. मंगळवारी मी तिळाच्या वड्या डब्यात घातल्या, दारापाशी गेले, बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. मग आतून तिचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून आणि तरी लांबून आल्यासारखा. "मला बरं नाही. नंतर ये." मी म्हटलं, "बरं, नंतर येते." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तिच्या डोळ्यांना डोळा द्यायचं एक दिवसानं टळलं म्हणून हायसं. बावीस वर्षांत तिनं मला आजारपणात कधी 'नंतर ये' म्हटलं नव्हतं, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

बुधवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. म्हात्रे मॅडम, धापा टाकत, एका हातानं कठडा धरून. लिफ्ट अर्थातच बंद. त्या म्हणाल्या, सोमवारपासून फोन करतेय, तुम्ही आवाज ऐकला की कापता. एका सहीसाठी चार मजले चढावे लागले. मी ओशाळून सांगितलं की तुम्हीच तर शिकवलंत. त्या घाम पुसत हसल्या. सोसायटीच्या सगळ्या सह्या झाल्या होत्या, फक्त एक रकाना रिकामा. रजिस्टर उघडून त्यांनी बोट ठेवलं. "चारशे तीनमधी कोन राहत नाय काय?"

"राहते ना. कुमुद. पण तिला बोलावलं नव्हतं."

"का?"

"मागच्या वर्षी तिचे मिस्टर गेले."

मॅडमनी बोट उचललं. रजिस्टर बंद केलं. मग म्हणाल्या, "मला तुमी कुंकू लावलंत की. माझे पन नायत. आठ वर्षं झाली. त्यांच्याच जागेवर मी भरती झाले. युनिफॉर्म घातला की कोन विचारत नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी समोरच्या दाराकडे बघितलं. तिथे कडीला दुधाची पिशवी लटकत होती. अकरा वाजून गेले तरी.

त्यांनीही ती पाहिली. दार असंच बंद असतं का, कधीपासून, आत आणखी कोण असतं, असं त्यांनी भराभर विचारलं. मी सांगत गेले. मॅडम चार पावलं पुढे झाल्या आणि त्यांनी जाळीला कान लावला. मग मला खुणेनं बोलावलं. मीही कान लावला. आत एक पुरुष हिंदीत बोलत होता. शांत, समजुतीच्या सुरात, अधूनमधून थांबून. कुमुदच्या घरात पुरुषाचा आवाज दहा महिन्यांत नव्हता.

मॅडमनी बेल दाबली. आवाज थांबला. दारातल्या भिंगाचा उजेड क्षणभर गेला आणि पुन्हा आला. म्हणजे तिनं बाहेर पाहिलं होतं. आतून पावलं धावत लांब गेली, आणि आतल्या खोलीची कडी घातल्याचा आवाज आला. त्या घराला गॅलरी आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर. ही दोन वाक्यं माझ्या मनात एकामागोमाग आली आणि मी जाळी दोन्ही हातांनी हलवायला लागले. मॅडमनी माझा दंड धरला. त्या मला कुजबुजून म्हणाल्या, "ती मला नाय भ्याली, खाकीला भ्याली. तो आत सांगत असनार, बघा, न्यायला आले. मी इथं उभी राहिले तर ती उघडायची नाय. मी खाली जाते. तुमी बोला."

आणि पोलीसबाई टोपी काढून जिन्याच्या वळणावर जाऊन बसल्या. तिथूनच त्यांचं फोनवर हळू आवाजात बोलणं सुरू झालं. मदतीच्या नंबरवर, ठाण्यात, साहेबांशी, असं असावं. मी दारापुढे एकटी. म्हटलं, कुमुद, फोन ठेव, तो चोर आहे. काही नाही. म्हटलं, दार उघड. काही नाही. हे तर तो माणूसही म्हणत असेल, की दारात लोक येतील आणि असं असं म्हणतील. वळणावरून मॅडमनी फोनवर हात ठेवून वर पाहिलं. "तुमचं द्यायचं राहिलंय ना? ते आना."

मी घरात गेले. ताटात करंडा ठेवला, तिळाच्या वड्या ठेवल्या, पिशवीतली एक गाळणी ठेवली. घाईत कुंकू ताटभर सांडलं. परत येऊन मी भिंगासमोर ताट धरलं आणि मोठ्यानं बोलले, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "कुमुद, हळदीकुंकवाला बोलवायला आलेय. तुझं नाव यादीत होतं, मी खोडलं. चुकलं माझं. तुझं वाण राहिलंय."

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मी त्या शिट्ट्या मोजल्या, चौथी होईना म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि मग आतली कडी निघाली. पावलं आली. भिंग काळं झालं. लाकडी दार बोटभर उघडलं, मग हातभर. कुमुदनं शनिवारचीच साडी नेसली असेल असं वाटावं, इतकी ती चुरगळलेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं. "मला?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं आणि रडायला लागले. जाळीचं दार तिनंच उघडलं. तेवढ्यात मॅडम माझ्या पाठीमागून आत गेल्या. टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि त्यात खाकी कपड्यातला एक माणूस, मागे झेंडा, टेबलावर फाइली. मॅडम वाकून त्याच्यापुढे आल्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, ठाणं सांगितलं आणि विचारलं, तुझं कुठलं? पडदा काळा झाला. इतकंच. दोन दिवस ज्यानं एका बाईला तिच्याच घरात कोंडून ठेवलं, तो एका प्रश्नाला टिकला नाही. मॅडमनी फोन उचलला, काही पुसू नका, एकही मेसेज काढू नका म्हणाल्या, आणि कुमुदला तशीच रिक्षात घालून ठाण्यात नेलं. बोलताना त्यांनी माझ्या ताटाला हात टेकला असावा. फोनच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

काही गेलं, काही वेळेत अडवता आलं. त्याबद्दल कुमुद बोलत नाही, मी विचारत नाही. ती घाबरली होती ते पैशासाठी नव्हतंच. वसंतरावांच्या नावावर गुन्हा आहे, उद्या पेपरात छापून येईल, असं त्या माणसानं तिला सांगितलं होतं. गेलेल्या माणसाची बाजू मांडायला दुसरं कोण आहे, असं वाटून ती दोन दिवस त्या फोनसमोर बसून राहिली. आणि आणखी एक गोष्ट तिनं मला बऱ्याच दिवसांनी, मेथी निवडता निवडता सांगितली. मंगळवारी मी बेल वाजवली, तेव्हा त्यानं विचारलं होतं, शेजारी कोण राहतं, नाव सांगा. ती म्हणाली होती, कुणी नाही, ते घर बंद असतं. माझं नाव तिनं गाळलं. मला कुणी गोवू नये म्हणून गाळलं. मीही तिचं नाव गाळलंच होतं. हे कळल्यापासून मी त्या उरलेल्यांतली एक गाळणी वापरते आणि रोज चहा गाळताना जरा थांबते.

यंदाची यादी कुमुदनं केली. नावं नाहीत, फक्त घरांचे नंबर, एकशे एकपासून शेवटपर्यंत. रजिस्टर घेऊन म्हात्रे मॅडम आल्या, तेच फ्लेक्स, आता कोपऱ्यात जरा फाटलेलं. आल्या आल्या त्यांनी कुमुदला विचारलं, बोलाल का चार शब्द? मला वाटलं ती नको म्हणेल. ती उठली. तिच्या कपाळावर मीच लावलेलं कुंकू होतं आणि तळहातावर न खाल्लेला तिळगूळ. समोर सगळ्या बायका, काळ्या साड्या, अत्तर. ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या मनात विचारता, हिनं दोन दिवस फोन का नाही ठेवला? भीती होतीच. पण तो मला दर दोन-तीन तासांनी विचारायचा, माताजी, खाना खा लिया? मी नाही म्हटलं की म्हणायचा, जाइए, पहले खा लीजिए, मैं रुकता हूँ। हे गेल्यापासून मला कुणी ते विचारलं नव्हतं."

ती खाली बसली. हलव्याचे दागिने घातलेलं पोर कुठेतरी कुरकुरत होतं. मॅडमनी त्यानंतर भाषण केलं नाही, नुसतं रजिस्टर फिरवलं. मी सही केली तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं.

तेव्हापासून दुपारी एक वाजला की मी जाळीचं दार उघडते. समोरचं लाकडी दार उघडं असलं तर बरंच आहे. पण कधी ती जरा आडवी झालेली असते, वारा लागतो म्हणून लोटून घेतलेलं असतं. त्या चार पावलांत मला पुन्हा तो आवाज ऐकू येतो, शांत, समजुतीचा. मी कडी वाजवते आणि मोठ्यानं विचारते, "कुमुद, जेवलीस का गं?" आतून उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी कडीवरचा हात काढत नाही. मग भांडं ठेवल्याचा आवाज येतो आणि ती ओरडते, "जेवले गं बाई, जेवले. तू जेव आता." तेवढं ऐकते आणि मग माझं ताट वाढून घेते.